आप्पांची कानडी

डोक्याला मार लागल्यानंतर आप्पा पहिल्यांदा बोलले, ते कानडीत बोलले.

वॉर्डात सकाळची झाडलोट चालली होती. राजमती लॅबला जाण्याआधी रोजच्यासारखी डोकावायला आली होती. आई खाटेच्या कडेला बसून आप्पांच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून चोळत होती. तो हात लाकडासारखा पडून असायचा. डोक्यावरची मोठी पट्टी निघाली होती आणि टाक्यांच्या भोवती पांढरे खुरटे केस उगवायला लागले होते. आप्पांनी डोळे उघडले, आईकडं पाहिलं, ओठ दोनदा नुसतेच हलवले आणि म्हणाले, "नीर."

आईचा हात थांबला. "काय वं?"

"नीर," आप्पांनी डाव्या हातानं तांब्या दाखवला. "नीर कोड."

राजमती सिस्टरला बोलवायला धावली. पेशंट बोलला, आता कशाचीच काळजी नाही, असं तिला त्या घटकेला वाटलं. ती परत आली तेव्हा आई फुलपात्र आप्पांच्या ओठांना लावून विचारत होती, "इन्नू बेकेन्री?" आणखी पाहिजे का, एवढंच. पण आईनं आप्पांना कानडीत काही विचारलेलं राजमतीनं जन्मात ऐकलं नव्हतं.

रायाप्पा चौगुले हे निपाणीजवळच्या अक्कोळचे तंबाखू पिकवणारे जैन शेतकरी. शिक्षण सातवीपर्यंत, आवाज मात्र माईकशिवाय चावडीपासून वेशीपर्यंत पोचणारा. सीमाप्रश्नाची सभा कुठंही असो, आप्पा तिथं. बसच्या पाटीवर मराठी अक्षर नसलं तर कंडक्टरशी वाद घालून ते पुढच्या बसनं यायचे. कानडी त्यांना येत नव्हती असं नाही. तंबाखूच्या व्यापाऱ्याशी, कचेरीतल्या साहेबाशी ते फाडफाड बोलायचे. "धंद्याची भाषा धंद्यापुरती," म्हणायचे, आणि उंबऱ्याच्या आत ती येऊ द्यायचे नाहीत.

अडचण एवढीच होती की त्यांची बायको ब्राह्मी रायबागकडची. तिच्या माहेरी मराठीचा एक शब्द नव्हता. राजमतीला न्हाऊ घालताना ती आपल्या आईचं कानडी गाणं म्हणायची, ते आप्पांनी एकदा ऐकलं. "पोरांच्या कानावर ह्ये नको," ते म्हणाले. "उद्या लोक म्हणतील, चौगुल्याच्या घरातच कानडी चालती." त्यानंतर ब्राह्मीनं गाणं बंद केलं. इतकं बंद केलं की सख्खा भाऊ भेटायला आला तरी त्याच्याशी ती सोप्यात बसून अडखळत मराठी बोलायची. त्यामुळं राजमती आणि तिचा धाकटा भाऊ भरतेश यांची कानडी बसची, बँकेची आणि बाजाराचीच राहिली.

आप्पांचा दुसरा हट्ट अहिंसेचा, आणि त्यात राजमती सापडली होती. पुण्याहून बायोकेमिस्ट्रीची डॉक्टरेट घेऊन ती बेळगावला मेडिकल कॉलेजात शिकवायला लागली तेव्हा आप्पांनी गावभर पेढे वाटले. पुढं एकदा ते न कळवता तिच्या लॅबमध्ये आले. टेबलावर बर्फाच्या ट्रेमध्ये नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची पिल्लं होती आणि राजमतीच्या हातात कात्री होती. आप्पांनी एकच विचारलं, "जीव घेतीस?" ती हो म्हणाली. पाणीसुद्धा न घेता ते निघून गेले. त्यानंतर त्यांनी बेळगावात पाऊल टाकलं नाही. ती गावी आली की बोलायचे, जेवायला वाढा म्हणायचे, पण तिच्या कामाचं नाव काढायचे नाहीत.

पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात तवंदीच्या देवळातून परत येताना घाटात त्यांची मोपेड घसरली. डाव्या बाजूनं डोकं दगडावर आपटलं. ज्या बेळगावात पाऊल टाकणं सोडलं होतं तिथंच त्यांना बेशुद्ध आणावं लागलं. सर्जननी कवटी उघडून रक्ताची गुठळी काढली. जीव वाचला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. ती आता परत आली होती, पण ही अशी.

सगळे मराठीची वाट पाहत राहिले. आप्पांना मराठी समजत होती. भरतेश म्हणाला, "आप्पा, कुशीवर वळा," की ते वळायचे. पण उत्तर द्यायला गेले की तोंडातून कानडी यायची. मराठी शब्दासाठी ते ओठ जुळवायचे, कपाळावर शीर उठायची, आणि शेवटी दमून उशीवर मान टाकायचे.

"होतं असं कधीकधी," सर्जन म्हणाले. "दोन भाषा येणाऱ्या माणसाची एक आधी परतते, दुसरी मागाहून. क्वचित दुसरी येतच नाही. का, ते मला विचारू नका मॅडम. मेंदूवर संशोधन तुम्हीच करता."

ते हसत म्हणाले आणि पुढच्या खाटेकडं गेले. राजमतीच्या मनात मात्र ते वाक्य कुसळासारखं रुतलं.

तिचं संशोधन होतं ते मेंदूच्या पेशींवर नव्हे, दोन पेशींच्या मधल्या जागेवर. ती जागा रिकामी नसते. तिथं प्रोटिओग्लायकन नावाची प्रथिनं असतात, साखरेच्या लांब लांब दोऱ्यांनी लगडलेली. जन्मलेल्या पिल्लाच्या मेंदूत ती भरपूर असतात, पाणी धरून ठेवतात, आणि त्या मऊ चिखलातून मज्जातंतू आपापली वाट काढत वाढतात. जनावर मोठं झालं की त्यांचं प्रमाण उतरतं, त्यांची जात बदलते. राजमती मेंदूचा अर्क काढायची, त्यात ॲसिड आणि रंगाचं औषध घालून उकळायची आणि नळीतला जांभळट गुलाबी रंग यंत्रावर मोजायची. पिल्लाची नळी गडद, मोठ्या उंदराची फिकी. आणि मोठ्या उंदराच्या मेंदूला इजा झाली, तर त्या जखमेच्या काठाची नळी काही दिवसांनी पुन्हा गडद.

हे तिला त्या वर्षीच्या उन्हाळ्यात सापडलं होतं. तेव्हा ती आनंदानं कॅम्पापर्यंत पायी फिरून आली होती. आता तीच नळी गडद झालेली दिसली की तिला आप्पांचं डोकं आठवायचं. हा भराव जखम बुजवायला येतो की तंतूंची वाट अडवायला? ह्याचं उत्तर तिच्यापाशी नव्हतं, तिनं वाचलेल्या कुठल्याही पेपरात नव्हतं. आणि ते मिळालं असतं, तरी एकाच डोक्यातली एक भाषा अलीकडं आणि दुसरी पलीकडं का, हे त्यातून कुठं कळणार होतं? कळत असूनही तिला स्वस्थ बसवेना. तिनं प्रयोग वाढवले. चहा ठेवून विसरायची, वर्ग मधेच सोडून वॉर्डात जाऊन यायची, तिथं पोचली की यंत्र चालू राहिलं असेल म्हणून पुन्हा पळायची. व्होल्टेज खालीवर झालं की यंत्राचा काटा थरथरायचा आणि ती त्याच्यावर चिडायची, जणू तो मुद्दाम करतोय.

एकदा भरतेश लॅबच्या दारात येऊन उभा राहिला. आत यायला तो तयार नव्हता.

"आक्का, तुज्याकडं काय औषध हाय का न्हाय, एकदा सांग बघू. गावात लोक विचारत्यात. पोरगी मेंदूची डॉक्टर, आन बापाला बोलता येईना."

"मी तसली डॉक्टर न्हाय रं."

"मग कसली?"

"जखम झाल्यावर मेंदूत काय जमतं, त्ये मी बघती."

भरतेशनं नळ्यांकडं, पिंजऱ्यांकडं पाहिलं. "नुसतं बघती?" तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते तिला जास्त लागलं.

दवाखान्यातून सोडल्यावर हाताच्या व्यायामासाठी आप्पांना बेळगावातच राहणं भाग होतं. राजमतीच्या खासबागेतल्या दोन खोल्यांत आईनं चूल आपल्या ताब्यात घेतली. पहिल्या दिवशी राजमती सूर्य मावळायच्या आत घाईघाईनं घरी आली. आप्पा आपल्या घरचं जेवतील का, ह्या धास्तीनं तिनं दिवसभर काही खाल्लं नव्हतं. आईनं ताट मांडलं. आप्पांनी डाव्या हातानं भाताचा घास घेतला, दुसरा घेतला, आमटी मागितली. राजमतीला हायसं वाटलं आणि लगेच दुसरा किडा डोक्यात शिरला. हे उंदरांचं विसरले की काय? मराठीबरोबर तेही पुसलं गेलं की काय?

तिनं बालवाडीचं चित्रांचं पुस्तक आणलं आणि रोज कॉलेजला जाण्याआधी आप्पांना पुढ्यात बसवायला सुरुवात केली.

"आप्पा, हे काय? घर. म्हणा, घ..."

"मनि," आप्पा म्हणायचे.

"नाही, मराठीत. ही? ही गाय."

"आकळ."

"आप्पा, ग... गा..."

आठवडाभर त्यांनी सहन केलं. मग एका सकाळी पुस्तक डाव्या हातानं असं भिरकावलं की ते जाऊन मोरीत पडलं. "साकु!" ते ओरडले. पुरे. आवाज जुना, वेशीपर्यंत पोचणारा. पुढं आईकडं बघून ते भराभर काही बोलले आणि आई पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"काय म्हणाले?" राजमतीनं विचारलं.

"म्हणत्यात, तुजी पोरगी लई कडक मास्तरीण हाय. एक छडी आणून दे तिला." मग हसू आवरून आई म्हणाली, "पुरं कर गं बाई. एवढं घोडं झालेल्या माणसाला शाळंत घालतीस व्हय?"

"मग मराठी यायची कशी?"

"यील न्हायतर न्हाय यील. बोलत्यात न्हवं?"

राजमती बघत होती की आई बदलत चालली आहे. ती भरभर बोलत होती, मधेच गोष्ट सांगत होती, कुणाची तरी नक्कल करत होती. मराठीत आई कधी नक्कल करायची नाही. मराठीत ती मोजून बोलायची. ज्या बाईला आपण ओळखतो ती निम्मीच होती, असं राजमतीला वाटलं. तिला आईचा हेवा वाटला, आणि वाटला ह्याची लाजही वाटली.

उंदरांचा प्रश्न शेवटी तिनंच काढला. आई भाजी आणायला गेली होती. आप्पा आणि ती जेवायला बसले होते. मराठीत विचारलं तर त्यांना उत्तर देता येणार नाही, म्हणून तिनं आपली बाजारातली कानडी गोळा केली.

"आप्पा, इलि... नेनप ऐतेन्री?" उंदीर आठवतात का?

आप्पांनी घास खाली ठेवला. "ऐति," ते म्हणाले. मग सावकाश विचारलं, "इन्नू कोल्लतियेन?" अजून मारतीस?

"हौद्री." हो.

"ननगागी?"

माझ्यासाठी? राजमतीला तो शब्द समजायला क्षणभर लागला. हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर कदाचित दोघांनाही बरं वाटलं असतं. पण तिची कानडी संपली होती आणि ती मराठीत म्हणाली, "न्हाय आप्पा. तुमच्या उपेगाला ते येणार न्हाय. कुणाच्या येईल का, तेबी मला ठाऊक न्हाय."

आप्पांनी मान हलवली. कशाला हो म्हणाले ते तिला कळलं नाही. त्यांनी तिचं ताट डाव्या हातानं तिच्याकडं सरकवलं. "उण्ण," ते म्हणाले. जेव.

दुसऱ्या दिवशी चतुर्दशी होती. आप्पांनी पाण्यालाही तोंड लावलं नाही. "अवो, आजारी माणसानं उपास करू ने," असं आई सांगून थकली. राजमती पायांत चपला सरकवत असताना आई हळूच म्हणाली, "तुज्या उंदरांसाठी हाय म्हणत्यात त्यो उपास." त्या दिवशी लॅबमध्ये राजमती कितीतरी वेळ पिंजऱ्यांसमोर उभी होती. दुपारनंतर तिनं कात्री हातात घेतली. काम थांबवलं नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी आईवडील अक्कोळला परतले आणि राजमतीही रजा घेऊन गेली. एक नोव्हेंबर जवळ आला होता. त्या दिवशी मराठी माणसं काळा दिवस पाळतात आणि निपाणीत फेरी निघते. आप्पा दरवर्षी पहिल्या रांगेत असायचे. बोलावणं घेऊन त्यांचा जुना दोस्त नागोजी आणि दोन तरणे कार्यकर्ते सोप्यात येऊन बसले.

"आप्पा निजल्यात," भरतेशनं सांगितलं. आल्यागेल्या प्रत्येकाला तो हेच सांगत होता.

पण आत आप्पांनी नागोजीचा आवाज ओळखला होता. काठी टेकत ते उठले. भरतेश आत येऊन दाराआड उभा राहिला.

"आक्का, आप्पांस्नी धर. तोंड उघडलं की संपलं सगळं. आजपतूर केलेल्या कामाचं हसू हुईल."

"सोड त्यांना."

"तुला काय, तू बेळगावात ऱ्हातीस. मला गावात तोंड दाखवायचं हाय."

"भरतेश, ते कैदी न्हाईत. सोड."

आप्पांनीच काठीनं भरतेशला बाजूला सारलं आणि ते उंबरा ओलांडून बाहेर आले. नागोजी उठून उभा राहिला. आप्पांचा चेहरा उजळला. त्यांनी ओठ जुळवले, शीर उठली, आणि मग जे येत होतं ते आलं. "बा नागोजी. कूड. यावाग बंदी?" ये, बस, कधी आलास?

तरण्या कार्यकर्त्यांनी एकमेकांकडं पाहिलं. भरतेशनं भिंतीकडं तोंड केलं. नागोजीचे डोळे आप्पांच्या टाक्यांवर गेले, लुळ्या हातावर गेले. तो खाली बसला, घसा खाकरला आणि तंबाखू विकायला जाताना वापरायच्या आपल्या तुटक्या कानडीत म्हणाला, "ईग बंदिनि, रायाप्पा. हॅंग अदी?" आत्ताच आलो, कसा आहेस?

मग दोघं तंबाखूवर बोलत बसले. नागोजी अडला की मराठीत बोलायचा, आप्पा ते समजून कानडीत उत्तर द्यायचे. आईनं सगळ्यांना चहा दिला. उठताना एका कार्यकर्त्यानं दबकत विचारलं, "मग फेरीचं कसं?"

"येणार की," नागोजी म्हणाला. "भाषण कुठं द्यायचंय त्यांस्नी? चालायचंच हाय."

फेरीच्या दिवशी आईनं त्यांच्या लुळ्या दंडाला काळी फीत बांधली. राजमती त्यांना धरून चालली. घोषणा सुरू झाल्या. पुढचा माणूस गावांची नावं घ्यायचा आणि मागून गर्दी उत्तर द्यायची. दुसऱ्याच घोषणेला राजमतीच्या कानाशी तो जुना आवाज फुटला, स्वच्छ, ठणठणीत, मराठी:

"झालाच पाहिजे!"

नागोजी गर्रकन वळला. भरतेशनं गर्दीतून उडी मारून आप्पांना मिठी मारली. "आली! आप्पांची मराठी आली!" लोक टाळ्या वाजवायला लागले, कुणीतरी आप्पांच्या गळ्यात हार घातला. प्रत्येक घोषणेला आप्पा गरजत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

राजमतीला माहीत होतं की ही मराठी परतलेली नाही. हजार वेळा म्हटलेले शब्द मेंदूत वेगळे जपले जातात. मुकी झालेली माणसंही आकडे म्हणतात, आरत्या म्हणतात. नळ्या सोडून ती लायब्ररीत जे धुंडाळत बसायची, त्यातच तिला हे सापडलं होतं. सांगावं का? भरतेशच्या तोंडाकडं बघून ती गप्प राहिली आणि गप्प राहिल्याचं ओझं घेऊन चालली. फेरी संपल्यावर आप्पा ओट्यावर टेकले, घाम पुसला आणि हार घालणाऱ्या माणसाला म्हणाले, "नीर कोड."

भरतेशचा चेहरा पडला. पण पाणी त्यानंच आणून दिलं. त्या दिवसापासून "आप्पा निजल्यात" हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मराठी आली, पण तुकड्यातुकड्यांनी. आधी शेतांची नावं, मग बैलांना द्यायच्या शिव्या, मग माणसांची नावं. आप्पांचं वाक्य मराठीत सुरू होऊन कानडीत संपायचं आणि कुणी हसलं तर तेही हसायचे. सभेत ते पुन्हा बोलले नाहीत. राजमतीचा पेपर दोनदा परत आला आणि तिसऱ्यांदा छापला गेला. जखमेच्या काठाचा भराव रक्षणासाठी की अडवणुकीसाठी, हे ठरवायला आणखी काम लागेल, असं तिनं शेवटी लिहिलं. ते खरं होतं, म्हणून तिनं नवे पिंजरे मागवले.

शनिवार आला की ती निपाणीची बस धरायची. एकदा रविवारी दुपारी परत निघताना ती स्वैपाकघरात निरोप घ्यायला गेली, तर आप्पा पाटावर बसून शेंगा फोडत होते आणि आईला काही सांगत होते. आई हसून हसून लाल झाली होती. आप्पांनी शेवटी एक शब्द म्हटला आणि आईनं त्यांच्या अंगावर मूठभर टरफलं फेकली.

"काय म्हणाले गं आई?"

"न्हाय सांगायचं," आई म्हणाली. "आमचं हाय त्ये. जा तू, गाडी चुकंल."

राजमती तो शब्द विसरू नये म्हणून पुटपुटत स्टँडपर्यंत चालली. बसमध्ये शेजारी संकेश्वरला उतरणारी एक बाई होती, मांडीवर कोथिंबिरीचं गाठोडं. राजमतीनं तिला तो शब्द म्हणून दाखवला. "ह्याचा अर्थ काय हो?"

बाईनं तिला खालपासून वर न्याहाळलं. "कुणी म्हटलं तुमास्नी?"

"मला न्हाय. माझ्या आप्पांनी. आईला."

बाई एकदम हसली, इतकी की गाठोडं सावरायला तिला दोन्ही हात लागले. "किती वरसाचं हाईत आप्पा?"

"साठी उलटली."

"देव बरं करो त्यांचं," बाई डोळे पुसत म्हणाली, "पर त्येचा अर्थ मी न्हाय बाई सांगायची."